विली ओ'री

विल्यम एल्डन ओ'री (जन्म : १५ ऑक्टोबर १९३५, फ्रेडरिक्टन, न्यू ब्रुन्सविक, कॅनडा) हे कॅनडाचे निवृत्त व्यावसायिक आइस हॉकीपटू आहेत. 'विली ओ'री' या नावाने ते ओळखले जातात. १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टन ब्रुइन्स संघाकडून मैदानात उतरून ते नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च आइस हॉकी स्पर्धेत खेळणारे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. त्यांना 'आइस हॉकीतील जॅकी रॉबिन्सन' असेही म्हटले जाते.

एनएचएलमध्ये ते एकूण ४५ सामने खेळले व त्यांत त्यांनी ४ गोल केले. त्यांची व्यावसायिक कारकीर्द मात्र दोन दशकांहून अधिक काळ चालली आणि तिचा मोठा भाग कॅलिफोर्नियातील संघांकडून खेळण्यात गेला. ही जवळजवळ संपूर्ण कारकीर्द त्यांनी एकाच डोळ्याच्या दृष्टीवर पार पाडली. वयाच्या विसाव्या वर्षाच्या सुमारास उजव्या डोळ्याची दृष्टी गेल्याची गोष्ट त्यांनी संघचालकांपासून कटाक्षाने लपवून ठेवली होती.

पार्श्वभूमी

आइस हॉकी हा बर्फाच्या रिंकवर, पायांत स्केट घालून खेळला जाणारा खेळ आहे. प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू एका वेळी रिंकवर असतात. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती वापरतात. तिला 'पक' म्हणतात. सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या तीन सत्रांत खेळला जातो. पकचा वेग आणि अंगावर येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची धडक यांमुळे खेळाडूला दोन्ही बाजूंचे भान सतत ठेवावे लागते.

एनएचएलची स्थापना १९१७ मध्ये झाली. १९४२ ते १९६७ या काळात तीत माँट्रियल, टोरोंटो, बोस्टन, न्यू यॉर्क, डेट्रॉइट व शिकागो असे सहाच संघ होते. साहजिकच खेळाडूंच्या जागा मोजक्या होत्या आणि त्यांसाठीची चुरस तीव्र होती.

कृष्णवर्णीय खेळाडूंना या खेळाचा परिचय नव्हता असे नाही. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतात हॅलिफॅक्स येथे १८९५ मध्येच कृष्णवर्णीयांची स्वतंत्र हॉकी लीग सुरू झाली होती. १९४० च्या दशकात हर्ब कार्नेगी, त्यांचे बंधू ऑसी कार्नेगी व मॅनी मॅकइंटायर या तिघांची आघाडीची फळी क्युबेक प्रांतात गाजली. हर्ब कार्नेगी यांना १९४८ मध्ये न्यू यॉर्क रेंजर्स संघाने सराव शिबिरासाठी बोलावले. परंतु मुख्य संघात स्थान न देता दुय्यम संघांसाठी करार देऊ केला, आणि तो त्यांनी नाकारला. १९५० मध्ये आर्ट डॉरिंग्टन यांनी रेंजर्सशी करार केला. तथापि त्यांना एनएचएलमध्ये एकही सामना खेळता आला नाही. त्याआधी १३ मार्च १९४८ रोजी चिनी वंशाचे कॅनेडियन खेळाडू लॅरी क्वाँग रेंजर्सकडून एकाच सामन्यात, तेही जेमतेम एका मिनिटासाठी, रिंकवर उतरले होते. कृष्णवर्णीयांना मज्जाव करणारा कोणताही लेखी नियम लीगमध्ये नव्हता. तरीही पहिल्या चाळीस वर्षांत एकही कृष्णवर्णीय खेळाडू तेथे पोहोचला नाही.

बालपण

ओ'री यांचा जन्म फ्रेडरिक्टन येथे झाला. तेरा भावंडांत ते सर्वांत धाकटे. त्यांचे पूर्वज अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटून कॅनडात आले होते. त्यांच्या लहानपणी फ्रेडरिक्टनमध्ये कृष्णवर्णीयांची कुटुंबे अगदी थोडी होती आणि मित्रमंडळी बहुतांशी श्वेतवर्णीय होती. वयाच्या तिसऱ्या वर्षी ते स्केटिंग शिकले व पाचव्या वर्षी हॉकी खेळू लागले. हिवाळ्यात घरामागील अंगणात पाणी गोठवून केलेल्या रिंकवर त्यांचा सराव चाले. थोरले बंधू रिचर्ड हे त्यांचे पहिले मार्गदर्शक होते. धक्के कसे द्यावेत आणि कसे सोसावेत हे त्यांनीच शिकवले, असे ओ'री यांनी नमूद केले आहे.

उन्हाळ्यात ते बेसबॉल खेळत. १९४९ मध्ये त्यांच्या बेसबॉल संघाला न्यू यॉर्कची सहल घडली. तेथे एबेट्स फील्ड या मैदानावर त्यांची जॅकी रॉबिन्सन यांच्याशी भेट झाली. रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळून अमेरिकेच्या प्रमुख बेसबॉल स्पर्धांतील वर्णबंदी मोडली होती. आपण बेसबॉलबरोबर हॉकीही खेळतो आणि हॉकीच आपल्याला अधिक आवडते, असे या मुलाने सांगितले तेव्हा रॉबिन्सन यांना आश्चर्य वाटले, अशी आठवण ओ'री सांगतात.

डोळ्याची दुखापत

फ्रेडरिक्टनमधील संघांकडून खेळल्यानंतर ओ'री १९५४-५५ च्या हंगामात क्युबेक फ्राँटनॅक्स या कुमार गटाच्या संघात दाखल झाले. तेथील प्रशिक्षक फिल वॉटसन यांनी, तू एनएचएलमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होऊ शकशील, असे त्यांना सांगितले. पुढील हंगामात ते ऑन्टॅरियो प्रांतातील किचनर कनक्स संघाकडून खेळू लागले.

याच १९५५-५६ च्या हंगामात एका सामन्यात जोराने मारलेला पक त्यांच्या चेहऱ्यावर आदळला. त्या काळी खेळाडू शिरस्त्राण किंवा चेहऱ्यावरील जाळी वापरत नसत. या आघाताने त्यांचे नाक व गालाचे हाड मोडले आणि उजव्या डोळ्याची सुमारे ९५ टक्के दृष्टी गेली. यापुढे हॉकी खेळता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. परंतु काही आठवड्यांतच ते पुन्हा रिंकवर उतरले.

दृष्टी गेल्याची गोष्ट त्यांनी अगदी निकटच्या माणसांखेरीज कोणालाही कळू दिली नाही. यामागे सबळ कारण होते. एका डोळ्याने आंधळ्या असलेल्या खेळाडूला एनएचएलच्या नियमानुसार खेळण्यास मनाई होती. हे गुपित फुटले असते, तर वर्णाचा प्रश्न उपस्थित होण्यापूर्वीच त्यांची वाट बंद झाली असती. संघांच्या वैद्यकीय तपासणीत त्यांच्या डोळ्यांची काटेकोर परीक्षा झाली नाही, त्यामुळे ते गुपित राहू शकले.

बेसबॉलचा निरोप

१९५६ मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाने ओ'री यांना जॉर्जिया राज्यातील वेक्रॉस येथील चाचणी शिबिरासाठी बोलावले. अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा वर्णविभाजनाचे कायदे लागू होते. अटलांटाच्या विमानतळावर श्वेतवर्णीयांसाठी व कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र प्रसाधनगृहांच्या पाट्या त्यांनी प्रथमच पाहिल्या. शिबिरातही कृष्णवर्णीय खेळाडूंची राहण्याची सोय वेगळी होती. संघात निवड न झाल्याने ते बसने कॅनडाला परतले. प्रवासाच्या आरंभी त्यांना बसच्या मागच्या भागात बसावे लागले आणि बस जसजशी उत्तरेकडे जाऊ लागली तसतसे ते पुढच्या आसनांकडे सरकत गेले, असे त्यांनी आपल्या आठवणींत सांगितले आहे. या प्रवासातच त्यांनी बेसबॉल सोडून केवळ हॉकीचा ध्यास घेण्याचे ठरवले.

व्यावसायिक कारकीर्द

क्युबेक एसेस

१९५६-५७ च्या हंगामात ओ'री क्युबेक एसेस या व्यावसायिक संघात दाखल झाले. पंच इमलाक हे या संघाचे सूत्रधार होते. पुढे त्यांनी टोरोंटो मेपल लीफ्स संघाला चार वेळा स्टॅन्ली चषक मिळवून दिला. वेगवान स्केटिंग हे ओ'री यांचे मुख्य बलस्थान होते. क्युबेक एसेस व बोस्टन ब्रुइन्स या संघांत सहकार्याचा करार असल्यामुळे बोस्टनच्या व्यवस्थापनाचे त्यांच्या खेळाकडे लक्ष होते.

एनएचएलमधील पदार्पण

जानेवारी १९५८ मध्ये ब्रुइन्स संघाला एका आघाडीच्या खेळाडूची उणीव भासली आणि ओ'री यांना बोलावणे आले. १८ जानेवारी १९५८ रोजी माँट्रियल फोरम येथे माँट्रियल कनेडियन्सविरुद्ध त्यांनी पदार्पण केले. कनेडियन्स हा तेव्हाचा विजेता संघ होता. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे त्याने स्टॅन्ली चषक जिंकला. डॉन मॅककेनी व जेरी टोपाझिनी यांच्या फळीत ओ'री लेफ्ट विंगच्या जागी खेळले. ब्रुइन्सने हा सामना ३-० असा जिंकला.

या घटनेचा त्या वेळी फारसा गाजावाजा झाला नाही. माँट्रियलच्या प्रेक्षकांना ओ'री क्युबेकमधील सामन्यांमुळे परिचित होते. आपण पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरलो आहोत याची जाणीव आपल्याला दुसऱ्या दिवशीची वृत्तपत्रे वाचून झाली, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या हंगामात दोन सामने खेळून ते क्युबेकला परतले. याच बोस्टन शहरातील रेड सॉक्स या बेसबॉल संघाने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू त्यानंतर दीड वर्षाने, जुलै १९५९ मध्ये मैदानात उतरवला. प्रमुख बेसबॉल संघांत असे करणारा तो शेवटचा संघ होता.

१९६०-६१ चा हंगाम

किंग्स्टन फ्राँटनॅक्स व हल-ओटावा कनेडियन्स या संघांकडून खेळल्यानंतर ओ'री यांना १९६०-६१ मध्ये पुन्हा बोस्टनकडून संधी मिळाली. या हंगामात ते ४३ सामने खेळले व त्यांनी ४ गोल आणि १० गोलसाहाय्ये नोंदवली. १ जानेवारी १९६१ रोजी बोस्टन गार्डन येथे कनेडियन्सविरुद्ध त्यांनी आपला पहिला गोल केला. एनएचएलमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूने केलेला हा पहिलाच गोल होता. ब्रुइन्सने हा सामना ३-२ असा जिंकला. गोलनंतर प्रेक्षकांनी उभे राहून बराच वेळ टाळ्यांचा गजर केला.

परगावच्या सामन्यांत मात्र त्यांना निराळा अनुभव आला. वर्णावरून होणारी शिवीगाळ कॅनडातील शहरांपेक्षा डेट्रॉइट, शिकागो यांसारख्या अमेरिकी शहरांत अधिक होती, असे त्यांनी सांगितले आहे. शिकागो येथील एका सामन्यात प्रतिस्पर्धी खेळाडूने वर्णद्वेषी शब्द उच्चारून काठीचे टोक त्यांच्या तोंडावर मारले. त्यात त्यांचे पुढचे दोन दात पडले व नाक मोडले. ओ'री यांनीही काठीने प्रतिकार केला आणि दोन्ही संघांत हातघाई झाली. केवळ शब्दांसाठी भांडायचे नाही, पण अंगावर हात टाकणाऱ्याला सोडायचे नाही, असे धोरण त्यांनी ठरवले होते. आपल्याला रिंकमधून हुसकावून लावण्यात कोणी यशस्वी होऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

हंगाम संपल्यावर पुढील वर्षीही संघात स्थान राहील, असे ब्रुइन्सच्या व्यवस्थापनाने त्यांना सांगितले होते. परंतु काही आठवड्यांतच खेळाडूंच्या अदलाबदलीत त्यांना माँट्रियल कनेडियन्सकडे देण्यात आले. तारांकित खेळाडूंनी भरलेल्या त्या संघात जागा मिळणे अवघड होते. त्यांना हल-ओटावा या दुय्यम संघात धाडण्यात आले आणि १९६१ च्या अखेरीस वेस्टर्न हॉकी लीगमधील लॉस एंजेलिस ब्लेड्स संघाकडे त्यांची रवानगी झाली. यानंतर ते एनएचएलमध्ये पुन्हा कधीही खेळले नाहीत.

पश्चिम किनाऱ्यावरील कारकीर्द

कॅलिफोर्नियात ओ'री यांच्या खेळाला खरा बहर आला, आणि त्याला जागेतील एक बदल कारणीभूत ठरला. ते डावखुऱ्या पद्धतीने काठी धरत व लेफ्ट विंगच्या जागी खेळत. लेफ्ट विंगच्या खेळाडूच्या डाव्या हाताला रिंकचा कठडा आणि उजव्या हाताला संपूर्ण मैदान असते. ओ'री यांचा उजवाच डोळा निकामी असल्याने सहकाऱ्याकडून येणारा पक आणि अंगावर येणारा प्रतिस्पर्धी पाहण्यासाठी त्यांना दर वेळी मान उजवीकडे वळवावी लागे. कित्येकदा पक हुकत असे किंवा अनपेक्षित धडक बसत असे.

लॉस एंजेलिस येथे प्रशिक्षकांनी त्यांना राइट विंगच्या जागी हलवले. आता मैदान त्यांच्या डाव्या, म्हणजे शाबूत डोळ्याच्या बाजूला आले. पक काठीच्या उलट्या बाजूने अडवण्याची सवय त्यांना करावी लागली. पण मान वळवण्याची गरज उरली नाही. १९६४-६५ च्या हंगामात त्यांनी ३८ गोल केले.

१९६७ मध्ये एनएचएलने आपल्या संघांची संख्या सहावरून बारावर नेली. लॉस एंजेलिसला एनएचएलचा संघ मिळाल्याने ब्लेड्स संघ बंद झाला. खेळाडूंच्या जागा दुप्पट झाल्या, तरी बत्तिशीला पोहोचलेल्या ओ'री यांना एनएचएलमध्ये संधी मिळाली नाही. ते सॅन दिएगो गल्स संघात गेले. १९६८-६९ मध्ये त्यांनी पुन्हा ३८ गोल केले. वेस्टर्न हॉकी लीगमध्ये एका हंगामात ३० किंवा अधिक गोल करण्याची कामगिरी त्यांनी चार वेळा केली. १९७२-७३ मध्ये ते काही काळ अमेरिकन हॉकी लीगमधील न्यू हेवन नाइटहॉक्स संघाकडूनही खेळले.

१९७४ मध्ये वेस्टर्न हॉकी लीग बंद पडली. त्यानंतरही सॅन दिएगोमधील स्थानिक संघांकडून त्यांनी खेळ चालू ठेवला. १९७८-७९ मध्ये सॅन दिएगो हॉक्स संघाकडून शेवटचा हंगाम खेळून ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांचे वय ४३ होते.

निवृत्तीनंतर

खेळ सोडल्यानंतर ओ'री सॅन दिएगो परिसरातच स्थायिक झाले. उपजीविकेसाठी त्यांनी निरनिराळ्या नोकऱ्या केल्या. त्यांत कोरोनाडो येथील एका प्रसिद्ध हॉटेलातील सुरक्षा विभागाची नोकरीही होती. या काळात हॉकीजगताला त्यांचा जवळजवळ विसर पडला होता.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एनएचएलने सर्व समाजघटकांतील मुलांना हा खेळ खुला व्हावा यासाठी उपक्रम हाती घेतला. १९९८ मध्ये ओ'री यांची युवा विकासाशी संबंधित पदावर नेमणूक झाली. 'हॉकी इज फॉर एव्हरीवन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कार्यासाठी त्यांनी उत्तर अमेरिकेतील अनेक शहरांत प्रवास केला. स्केट, काठी, संरक्षक साहित्य व रिंकचे भाडे यांमुळे आइस हॉकी हा खर्चिक खेळ आहे. त्यामुळे गरीब वस्त्यांतील मुलांना साहित्य व प्रशिक्षण उपलब्ध करून देणे हा या उपक्रमाचा गाभा राहिला. शाळांतून व शिबिरांतून मुलांशी बोलताना ओ'री शिक्षणावर व ध्येय निश्चित करण्यावर भर देत.

सन्मान

- २००३ : अमेरिकेतील हॉकीच्या सेवेबद्दल लेस्टर पॅट्रिक पुरस्कार.
- २००५ : ऑर्डर ऑफ न्यू ब्रुन्सविक. यानंतर त्यांना ऑर्डर ऑफ कॅनडा हा राष्ट्रीय सन्मानही मिळाला.
- २००८ : फ्रेडरिक्टन येथील क्रीडासंकुलाला 'विली ओ'री प्लेस' हे नाव.
- २०१८ : टोरोंटो येथील हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश. हा समावेश खेळाडू या विभागात नव्हे, तर खेळाच्या उभारणीत योगदान देणाऱ्यांच्या विभागात झाला. याच वर्षी एनएचएलने त्यांच्या नावाने समाजसेवेसाठीचा पुरस्कार सुरू केला.
- २०२२ : १८ जानेवारी रोजी, पदार्पणाला ६४ वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, बोस्टन ब्रुइन्सने त्यांचा २२ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. यापुढे त्या संघाचा कोणताही खेळाडू हा क्रमांक वापरणार नाही.
- २०२२ : अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक देण्याच्या कायद्यावर ३१ जानेवारी रोजी राष्ट्राध्यक्ष जो बायडेन यांनी स्वाक्षरी केली. हा अमेरिकेतील सर्वोच्च नागरी सन्मानांपैकी एक आहे.

मूल्यमापन

ओ'री यांची तुलना नेहमी जॅकी रॉबिन्सन यांच्याशी केली जाते. परंतु दोघांच्या कार्याचे परिणाम सारखे नव्हते. रॉबिन्सन यांच्यानंतर अल्पावधीतच इतर बेसबॉल संघांत कृष्णवर्णीय खेळाडू आले. हॉकीत तसे घडले नाही. ओ'री यांचा एनएचएलमधील शेवटचा सामना १९६१ मध्ये झाला आणि दुसरे कृष्णवर्णीय खेळाडू माइक मार्सन हे वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाकडून १९७४ मध्ये खेळू लागले. बेसबॉलकडे कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमधून तयार झालेले अनेक कसलेले खेळाडू होते. हॉकी हा प्रामुख्याने कॅनडाचा खेळ होता, तेथे कृष्णवर्णीयांची संख्या अल्प होती आणि संघही सहाच होते. त्यामुळे एकदा उघडलेले दार पुन्हा बंद झाल्यासारखे दिसले.

केवळ आकड्यांवरून पाहिले तर ४५ सामने व ४ गोल ही नोंद सामान्य वाटते. परंतु हे सर्व सामने त्यांनी लेफ्ट विंगच्या जागी, म्हणजे आपल्या अंध बाजूने मैदानाकडे तोंड करून खेळले. जागा बदलल्यानंतर त्यांनी दिलेली कामगिरी पाहता तो बदल आधी झाला असता तर काय घडले असते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण तसा बदल मागायचा तर कारण सांगावे लागले असते, आणि कारण सांगणे म्हणजे लीगमधून बाहेर पडणे होते. वर्णाची अडचण सर्वांना दिसत होती आणि तिला त्यांनी उघडपणे तोंड दिले; डोळ्याची अडचण मात्र त्यांना एकट्यालाच पेलावी लागली.

पुढील काळात गोलरक्षक ग्रँट फ्यूर यांनी एडमंटन ऑइलर्सबरोबर पाच वेळा स्टॅन्ली चषक जिंकला व २००३ मध्ये ते हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झालेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. जॅरोम इगिन्ला यांनी २००१-०२ च्या हंगामात सर्वाधिक गोल व सर्वाधिक गुण असे दोन्ही मान मिळवले. ज्यांच्या दुय्यम संघातील बोलावण्याला नकार दिल्यामुळे एनएचएल कायमची हुकली, त्या हर्ब कार्नेगी यांचाही २०२२ मध्ये मरणोत्तर हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.

एनएचएलमधील कामगिरी

- संघ : बोस्टन ब्रुइन्स
- हंगाम : १९५७-५८ (२ सामने) व १९६०-६१ (४३ सामने)
- एकूण सामने : ४५
- गोल : ४
- गोलसाहाय्ये : १०
- गुण : १४
- शिक्षेची मिनिटे : २६

पुस्तके व माहितीपट

ओ'री यांच्या जीवनावर दोन आत्मकथनपर पुस्तके प्रसिद्ध आहेत. मायकेल मॅकिन्ली यांच्या सहकार्याने लिहिलेले पहिले पुस्तक २००० मध्ये आणि 'विली' या नावाचे दुसरे २०२० मध्ये प्रकाशित झाले. 'विली' याच नावाचा त्यांच्यावरील माहितीपट २०१९ मध्ये प्रदर्शित झाला.